इंजिन बदललेला पॉवर वीडर काळा धूर सोडतो, मंद वेगावर अडखळतो: दोष कसा शोधावा?

कोकणातील लहान भातखाचरांत चिखलणीसाठी पेट्रोलवर चालणारे पॉवर वीडर आणि मिनी टिलर आता बहुतेक गावांत दिसतात. इंजिन निकामी झाले, की अनेक शेतकरी नवे यंत्र घेण्याऐवजी त्याच सांगाड्यावर दुसरे इंजिन बसवून घेतात. खर्चाच्या दृष्टीने हे योग्यही असते. मात्र असे यंत्र पुष्कळदा सुरू होते, पण रेस कमी केली की ढगढगते, काळा धूर सोडते, पेट्रोल जास्त पिते आणि चाक चिखलात गेले की बंद पडते. अशा वेळी पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. प्रत्यक्षात स्क्रू हा तपासणीतील शेवटचा टप्पा आहे. इंजिन बदलल्यानंतर येणारा दोष बहुधा इंजिनाच्या आत नसतो. नवे इंजिन आणि जुना सांगाडा जिथे जोडले जातात, तिथे तो असतो.

देवरूख परिसरातील एक अनुभव

संगमेश्वर तालुक्यात देवरूखजवळच्या एका गावात जुलैमध्ये चिखलणी सुरू असताना असाच एक वीडर पाहण्यात आला. मूळचे २१२ सीसीचे इंजिन जाम झाले होते. शेतकऱ्याने फवारणी पंपावरचे १९६ सीसीचे जुने इंजिन काढून त्यावर बसवले. पेट्रोलची टाकी हँडलला अडत होती, म्हणून ती पट्ट्या लावून वीतभर उंच घेतली. चोकची तार मात्र जुन्याच हँडलची जोडली.

तरवा २४ दिवसांचा झाला होता. हळव्या भाताची लावणी साधारण २१ ते २५ दिवसांच्या रोपांची करावी लागते. रोप जून झाले की फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. घाई असल्याने त्यांनी मला फोन केला. वर्णन ऐकून मीही आधी मिश्रणाचा स्क्रू फिरवून पाहण्यास सांगितले. तो सल्ला चुकीचा होता. दोन दिवस स्क्रू आत-बाहेर करण्यात गेले आणि मूळ सेटिंगही हरवले.

तिसऱ्या दिवशी क्रमाने तपासणी केली, तेव्हा दोन कारणे सापडली. चोकची तार आखूड असल्याने चोकची पाती पूर्ण उघडतच नव्हती. जुन्या टाकीतील गंजाचा कण फ्लोटच्या निडलखाली अडकला होता, त्यामुळे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सतत जास्त भरत होते. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर होती. जादा पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळले होते. काठीवरची पातळी वर गेली होती आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. तसेच आणखी दोन दिवस चालवले असते, तर हे इंजिनही जाम झाले असते.

मिश्रण दाट होते म्हणजे काय?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त आले, की मिश्रण दाट होते. मेकॅनिक यालाच ‘रिच’ म्हणतात. न जळलेले इंधन काजळी होऊन प्लगवर बसते आणि काळ्या धुराच्या रूपात बाहेर पडते. रेस जास्त असताना हवेचा ओघ मोठा असतो, त्यामुळे दोष झाकला जातो. मंद वेगावर हवा थोडीच आत येते. त्या वेळी थोडेसे जादा पेट्रोलही इंजिन अडखळवायला पुरते.

आधी खात्री करा: दोष खरोखर दाट मिश्रणाचाच आहे का?

इंजिन अडखळण्याची कारणे अनेक आहेत. पुढील खुणांवरून फरक ओळखावा.

- काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास आणि प्लगवर कोरडी काजळी: मिश्रण दाट आहे.
- निळसर धूर आणि प्लग तेलकट काळा: ऑइल जळत आहे. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह किंवा जास्त भरलेले ऑइल तपासावे.
- वेग आपोआप वर-खाली होतो, धूर नाही आणि चोक थोडा लावल्यावर इंजिन सुधारते: मिश्रण पातळ आहे. बहुधा मंद वेगाचे बारीक जेट चोंदलेले असते.
- चोक थोडा लावल्यावर इंजिन आणखी बिघडते: मिश्रण आधीच दाट आहे.

प्लग पाहण्यासाठी इंजिन गरम करावे, तीन-चार मिनिटे मंद वेगावर चालवावे, बंद करावे आणि थोडे निवल्यावर प्लग काढावा. फिकट तपकिरी रंग चांगल्या ज्वलनाची खूण आहे. थंड इंजिन चोकवर सुरू केल्यानंतर पहिले मिनिटभर थोडा काळा धूर येतो. तो दोष समजू नये.

तपासणीचा क्रम

पुढील क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि इंजिन चालवून पाहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

१) चोक पूर्ण उघडतो का?

एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहावे. हँडलवरचा खटका ‘चालू’ स्थितीत असताना चोकची पाती हवेच्या प्रवाहाला अगदी समांतर, म्हणजे कडेने उभी दिसली पाहिजे. पाती थोडी जरी तिरकी असेल, तरी मंद वेग बिघडतो. तार आखूड असल्यास ती सोडून पाती हाताने उघडावी आणि इंजिन चालवून पाहावे. फरक पडला तर दोष सापडला. तार योग्य लांबीची घ्यावी किंवा कार्बोरेटरवरील मूळ खटकाच वापरावा.

२) एअर फिल्टर आणि त्यामागील गॅस्केट

चिखलणीत फिल्टरवर चिखलाचे शिंतोडे बसतात. वीडर वाहून नेताना पुढे कलंडला, तर इंजिनातील ऑइल फिल्टरमध्ये शिरते. ओला किंवा तेलाने थबथबलेला फिल्टर चोक लावल्यासारखेच काम करतो.

- स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. स्वच्छ ऑइलचे थोडे थेंब टाकून घट्ट पिळावा.
- कागदी फिल्टर धुऊ नये. हलकेच झटकावा, खराब असल्यास बदलावा.
- चाचणीपुरता क्षणभर फिल्टर काढून इंजिन सुधारते का ते पाहावे. मात्र फिल्टरशिवाय शेतात काम करू नये.

कार्बोरेटरच्या तोंडाशी हवेची दोन-तीन बारीक छिद्रे असतात. पेट्रोलमध्ये हवा मिसळण्याचे काम ती करतात. फिल्टर बसवताना गॅस्केट उलटे लागले किंवा दुसऱ्या इंजिनाचे वापरले, तर ही छिद्रे झाकली जातात आणि मिश्रण दाट होते. इंजिन बदलताना ही चूक वारंवार होते आणि बाहेरून ती दिसत नाही.

३) पेट्रोल कोणते भरले आहे?

एकाच घरात ग्रासकटर आणि वीडर असतील, तर कॅनची अदलाबदल होते. दोन-स्ट्रोक ग्रासकटरसाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल चार-स्ट्रोक इंजिनात भरले, तर धूर वाढतो आणि प्लग काळा पडतो. दोन्ही कॅन वेगळ्या रंगांचे ठेवावेत.

‘पेट्रोलमध्ये इथेनॉल आले, म्हणून काळा धूर येतो’ असेही ऐकू येते. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली. इथेनॉल जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण उलट किंचित पातळ होते. म्हणजे काळ्या धुराचे ते थेट कारण नाही. मात्र इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगू शकते. फ्लोटच्या निडलचे रबरी टोक फुगले किंवा झिजले, तर पेट्रोल अडत नाही आणि मग मिश्रण दाट होते. कोकणातील दमट हवेत महिनोन्‌महिने टाकीत राहिलेले पेट्रोल वापरू नये.

४) फ्लोट आणि निडल: कॉक बंद करून चाचणी

ही चाचणी सोपी आहे आणि तिला कोणतेही हत्यार लागत नाही. इंजिन गरम करून मंद वेगावर ठेवावे आणि टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद करावा. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालते. बंद पडण्यापूर्वी काही काळ ते स्वच्छ आणि एकसारखे चालले, तर वाटीतील पेट्रोलची पातळी जास्त आहे असे समजावे. याचा अर्थ निडल पेट्रोल अडवत नाही, किंवा फ्लोट वाकला आहे किंवा त्यात पेट्रोल शिरले आहे.

वाटी काढून पुढील गोष्टी पाहाव्यात.

- निडलच्या टोकावर खाच किंवा गोल वळ पडला असल्यास ती बदलावी.
- निडल बसते ती जागा स्वच्छ कापडाने पुसावी. तारेने खरवडू नये.
- फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोलचा आवाज आला, तर तो बदलावा.
- वाटीत गंज किंवा गाळ असल्यास टाकी धुवावी आणि नळीत नवा फिल्टर बसवावा. टाकी तशीच ठेवून फक्त कार्बोरेटर साफ केला, तर दोष आठवड्यात परत येतो.

टाकीची उंचीही महत्त्वाची आहे. या इंजिनांत पेट्रोल आपल्या भाराने खाली उतरते. टाकी मूळ जागेपेक्षा उंच घेतली, की निडलवरचा दाब वाढतो. चांगली निडल तो सहन करते, झिजलेली करत नाही. शक्यतो टाकी मूळ उंचीवरच ठेवावी. काम थांबले की कॉक बंद करण्याची सवय लावावी.

५) कार्बोरेटर त्याच इंजिनाचा आहे का?

१६३, १९६ आणि २१२ सीसी इंजिनांचे अनेक कार्बोरेटर बाहेरून सारखेच दिसतात, बोल्टही जुळतात. आतील जेटची छिद्रे मात्र वेगळी असतात. मोठ्या इंजिनाचा कार्बोरेटर लहान इंजिनाला लावला, तर पेट्रोल जास्त जाण्याची शक्यता असते. रॉकेलवर चालणाऱ्या पंपाच्या इंजिनाचा कार्बोरेटर तर पेट्रोल इंजिनाला लावूच नये. इंजिन घेतानाच त्याच्यावरचा मूळ कार्बोरेटर मागून घ्यावा. जेटचे छिद्र तारेने मोठे झालेले असेल, तर साफ करून उपयोग नाही. जेट बदलावा लागतो.

६) प्लग आणि ठिणगी

ठिणगी अशक्त असेल, तर योग्य मिश्रणही पूर्ण जळत नाही आणि लक्षणे दाट मिश्रणासारखीच दिसतात. या वर्गातील बहुतेक इंजिनांत प्लगची फट ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवतात. काजळी बसलेला प्लग साफ करून पाहावा, शक्यतो नवा लावावा. प्लगची टोपी ओली किंवा सैल नाही ना, हेही पाहावे. ठिणगी पाहण्यापूर्वी सांडलेले पेट्रोल पुसावे, कॉक बंद करावा आणि कॅन दूर ठेवावा.

७) पट्टा, पुली आणि गव्हर्नर

मंद वेगावर पट्टा पूर्ण सैल सुटला पाहिजे. इंजिन थोडे पुढे-मागे बसले असेल, तर क्लच सोडल्यावरही पट्टा ओढत राहतो आणि इंजिनावर भार येतो. पट्टा काढून इंजिन चालवावे. तेव्हा ते एकसारखे चालले, तर दोष कार्बोरेटरमध्ये नाही.

इंजिनाचा शाफ्टही मोजावा. या आकाराच्या इंजिनांत १९.०५ मि.मी. आणि २० मि.मी. असे दोन शाफ्ट आढळतात. फरक एक मि.मी.पेक्षा कमी आहे, पण २० मि.मी.ची पुली १९.०५ मि.मी.च्या शाफ्टवर डगडगते. ती थरथर इंजिनाच्या अडखळण्यासारखीच वाटते.

रेसची तार जोडताना थ्रॉटल मंद वेगाच्या स्क्रूला टेकतो का, ते पाहावे. तार ताणलेली राहिली, तर स्क्रू कितीही फिरवला तरी परिणाम होत नाही. ताकद वाढवण्यासाठी गव्हर्नरची स्प्रिंग ताणू नये किंवा दुसरी लावू नये. ही इंजिने साधारण ३६०० फेरे प्रति मिनिटाच्या मर्यादेसाठी बनवलेली असतात. त्यापुढे कनेक्टिंग रॉड तुटून इंजिन फुटण्याचा धोका असतो.

८) टॅपेट

जुन्या इंजिनात व्हॉल्व्हची फट कमी झाली असेल, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. दाब निसटतो आणि मंद वेग टिकत नाही. १६३ ते २१२ सीसी वर्गातील बहुतेक इंजिनांत थंड अवस्थेत आत येणाऱ्या व्हॉल्व्हची फट सुमारे ०.१५ मि.मी. आणि धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची ०.२० मि.मी. असते. आपल्या इंजिनाची पुस्तिका उपलब्ध असल्यास तिच्यातील आकडा पाळावा. फिलर गेज नसेल, तर हे काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

९) आता मिश्रणाचा स्क्रू

वरील सर्व गोष्टी ठीक असतील, तरच स्क्रूला हात लावावा. आधी तो हलकेच आत फिरवून किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजावे आणि लिहून ठेवावे. जोर लावून आवळू नये. स्क्रूचे टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात.

स्क्रू कोणत्या बाजूला आहे, यावर त्याचे काम ठरते.

- स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो मिश्रण सोडतो. आत फिरवल्यास मिश्रण पातळ होते.
- स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा सोडतो. आत फिरवल्यास मिश्रण दाट होते.

हा फरक माहीत नसल्याने अनेकदा दोष वाढवला जातो. मूळ सेटिंग हरवले असेल, तर टेकलेल्या स्थितीपासून दीड ते दोन फेरे बाहेर ही केवळ सुरुवात समजावी. पट्टा सैल ठेवून आणि फिल्टर लावून इंजिन पाच मिनिटे गरम करावे. स्क्रू थोडा-थोडा फिरवून प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावे. इंजिन सर्वांत एकसारखे चालते ती जागा पकडावी. नंतर मंद वेगाच्या स्क्रूने वेग बसवावा. अनेक इंजिनांत तो १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. शेवटी रेस एकदम वाढवून पाहावी. इंजिन दचकले, तर मिश्रण थोडे जास्त पातळ झाले आहे. स्क्रूवर प्लास्टिकची मर्यादा-टोपी असेल, तर ती तोडू नये.

दुरुस्तीनंतर ऑइल बदलणे विसरू नये

मिश्रण दाट राहिलेले किंवा पेट्रोल ओव्हरफ्लो झालेले इंजिन दुरुस्त झाल्यावर ऑइल तपासणे अत्यावश्यक आहे. यंत्र सपाट जागी ठेवून पातळी पाहावी. पातळी वाढली असेल, ऑइल पाण्यासारखे पातळ लागत असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते पूर्ण काढून नवे भरावे. या इंजिनांत ऑइल साधारण ०.६ लिटरच बसते. एवढ्या खर्चासाठी संपूर्ण इंजिन धोक्यात घालू नये. काढलेले ऑइल किंवा पेट्रोल खाचरात, पऱ्ह्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

जिवाची काळजी

पावसामुळे यंत्र पडवीत, गोठ्यात किंवा बंद खोपीत चालवून पाहण्याची सवय धोकादायक आहे. दाट मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे आहेत. माणसाला दुर्लक्ष करण्याइतकी ती साधी वाटतात आणि त्यानंतर शुद्ध हरपू शकते. तपासणी उघड्यावर, फार तर चारही बाजूंनी मोकळ्या छपराखालीच करावी. कोणी बंद जागेत बेशुद्ध आढळल्यास आधी दारे उघडून इंजिन बंद करावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. गोठ्यातील जनावरांनाही हाच धोका असतो.

इंजिन बदलण्यापूर्वी आणि हंगामानंतर

- जुन्या आणि नव्या इंजिनाची शाफ्टची जाडी, फिरण्याची दिशा आणि पायाच्या बोल्टमधील अंतर मोजून घ्यावे.
- कार्बोरेटर, फिल्टर आणि सायलेन्सर नव्या इंजिनाचेच ठेवावेत. जुन्या यंत्राच्या तारा लांबी पाहूनच जोडाव्यात.
- यंत्र अनुदानावर घेतलेले असल्यास बदल करण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात अटी विचाराव्यात.
- इंजिन मे महिन्यातच बसवून अर्धा-एक तास भारावर चालवून पाहावे. पहिल्या पावसानंतर मेकॅनिककडे रांग लागते.
- चिखलणी संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी पूर्ण रिकामी करावी. पुढील हंगामातील निम्मे त्रास तिथेच टळतात.

कृषी सहायक आणि शेतकरी गटांनी पावसाळ्यापूर्वी गावातील वीडर एका ठिकाणी आणून चोक, फिल्टर, कॉकची चाचणी आणि ऑइल या चार गोष्टी तपासाव्यात. एका यंत्राला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. वर सांगितलेल्या वीडरची दुरुस्तीही चोकची तार, एक निडल, टाकीची धुलाई आणि नवे ऑइल एवढ्यावरच झाली. मात्र तोवर तीन दिवस गेले होते, आणि शेवटच्या दोन खाचरांसाठी त्या शेतकऱ्याला शेजाऱ्याचा टिलर भाड्याने आणावा लागला.